त्यापेक्षा बरं

गजामामा अंगठा जिभेला लावायचा आणि तोच अंगठा मास्टरवर घासायचा. तोंडात तंबाखूची गोळी कायम. मास्टर म्हणजे अचूक मापाचा पोलादी दांडा. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, तेल लावून फलालीनच्या मऊ कापडात गुंडाळून ठेवायचा. मी तो पुन्हा पुसत बसायचे. तोंडावर मी त्याला अहो-मामा म्हणे. इथे म्हणणार नाही.

नारपोलीतल्या त्या कारखान्यात आम्ही यंत्रमागांसाठी स्पिंडलं बनवत होतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोकर देणारा पिकर ज्या दांड्यावर सरकतो, ते स्पिंडल. ते बारीक झालं की पिकर डुगडुगतो आणि धोटा वाट सोडून उडतो. गजामामा फोरमन. मी तपासणीच्या टेबलावर, कंपॅरेटरसमोर. या यंत्राला माप कळत नाही, फक्त फरक कळतो. मास्टर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग एकेक स्पिंडल ठेवायचं. काटा डावीकडे गेला तर बारीक, उजवीकडे गेला तर जाड.

नवरा गेल्यावर ही नोकरी मला त्यानेच दिली, हेही सांगायला हवं. "बाकीच्यांपेक्षा तुझे हात सोच्छ हायत," म्हणाला. सगळं असं कशापेक्षा तरी. चहा पाणचट असला तर "समोरच्यापेक्षा बरा हाय." छप्पर गळालं तर "गावाला माझ्या घरात यापेक्षा जास्त गलतं गो." सुरुवातीला मला हसू यायचं.

एकदा घासाईचा दगड जास्तच पुढे सरकला होता आणि अख्खा माल बारीक निघाला. मी सगळी स्पिंडलं नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये टाकली. गाडी दारात उभी होती.

"काय गो, सगलाच माल मारलास?"

"मामा, काटा बघा ना. सगळी बारीक आहेत."

"काटा काय तुझा सासरा हाय? तो हलला की तुझा जीव हलतो!"

त्याने लाल ट्रेमधलंच एक स्पिंडल उचललं, मास्टरच्या जागी ठेवलं, अंगठ्याने पुसलं आणि डायलची कडी फिरवून शून्य काट्याखाली आणून ठेवलं. "आता मोज."

मोजलं. सगळा माल पास.

"मामा, हा मास्टर नाही."

"न्हाय तर न्हाय. समोरच्या कारखान्यापेक्षा बरा माल हाय."

माल न्यायला रशीदभाई आला होता. पलीकडच्या गल्लीत आमच्याच शेठचे माग चालवायचा. हीच स्पिंडलं त्याच्याच मागांना लागणार होती. मी बाहेर जाऊन त्याला स्पष्ट सांगितलं, मामांनी बारीक स्पिंडलावरच शून्य लावलंय, हा माल लावू नको, धोटा उडेल. तो हसला. "बाजी, सेठ को बोलता हूँ. पर सेठ मेरी सुनता कब है?" त्याने शेठला सांगितलं. शेठने गजामामाला विचारलं. गजामामाने माझा काटा बिघडल्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात धोटा उडाला आणि रशीदभाईचा डावा डोळा गेला.

गजामामा दवाखान्यात आला होता. मीही तिथेच होते. त्याने खिडकीतून बाहेर पिचकारी मारली, तोंड शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पट्टी बांधलेल्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "डोलाच गेला ना? जीव तर न्हाय गेला. त्यापेक्षा बरं."

मी दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला. मानकोलीला एका शिवणवर्गात नोकरी धरली. पगार कमी होता. तिथे मापाच्या टेपचं शून्य कोणी फिरवून ठेवत नव्हतं.

काही वर्षांनी गजामामा तोंडाच्या कॅन्सरने गेला. शोकसभेला मी गेले, कारण माझ्या चुलीला त्याने एकदा आधार दिला होता आणि मला ते ऋण अंगावर ठेवायचं नव्हतं. शेठ बोलायला उभा राहिला. माणूस तोंडाने फटकळ, पण मनाने निर्मळ, वगैरे. शेवटी म्हणाला, "काही म्हणा, आजकालच्या फोरमनांपेक्षा गजानन कितीतरी चांगला होता."

लोकांनी माना हलवल्या. मागच्या बाकावरून रशीदभाईचा आवाज आला, अगदी शांत.

"सेठ, ज़ीरो किस पे रखा है?"

गजामामाच्या फोटोला हार घालायला रांग लागली. माझ्या पुढच्या माणसाने फोटोच्या काचेवर धूळ पाहिली, अंगठा जिभेला लावला आणि काच पुसली.

मी हार टेबलावर ठेवून बाहेर आले.