अर्ध्यावर अडलेला काटा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून आजवर जेवढ्या गाड्या डिझेल संपून रस्त्यात उभ्या राहिल्या असतील, त्यांतल्या निम्म्या गाड्यांत माझे साडभाऊ बसलेले होते, आणि उरलेल्या निम्म्यांना ते आपल्या टाकीतून डिझेल काढून देत होते. यात अतिशयोक्ती आहे असं कुणाला वाटेल. लग्न नवीन होतं तेव्हा मलाही वाटायचं. पुढे त्या गाडीला मी स्वतः इतक्या वेळा धक्का मारला, की आता वाटतं मी कमीच सांगतोय.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो आणि साडभाऊंना भाऊ. एटापल्लीच्या रस्त्यापासून आत, मोठ्या तलावाच्या काठी त्यांचं गाव. तिथले पुरुष तलावात जाळं टाकतात आणि बाया मासोळी विकतात. बायांचा एक गट आहे, बाई त्या गटाची अध्यक्ष. बाया पहाटेच्या बसनं अहेरीच्या आठवडी बाजारात जाऊन जागा धरतात आणि मागून बर्फात घातलेली मासोळी भाऊंच्या पिकअपमधून येते. येते म्हणजे, यायला हवी. मी चंद्रपूरला कचेरीत खुर्ची उबवणारा माणूस. गाडीतलं मला एवढंच कळतं की ती चालते किंवा चालत नाही, आणि भाऊंच्या संगतीत त्यातलं दुसरंच जास्त पाहायला मिळालं.

त्या पिकअपचा डिझेलचा काटा अर्ध्यावर अडलेला. कधीपासून, ते देवाला ठाऊक. टाकी भरली तरी अर्धा, कोरडी पडली तरी अर्धा, चढावर अर्धा, उतारावर अर्धा. तुम्हीआम्ही अशा काट्याला बिघडलेला म्हणू. भाऊ त्याला समाधानी म्हणायचे. "पाय बाबू," ते मला सांगायचे, "दुनियेत कोनाची टाकी भरते, कोनाची रिकामी होते. आपली कायम अर्धी. ना घमंड, ना फिकर." मी विचारायचो, पण आत खरं किती आहे ते कळणार कसं? "कळूनशान का करतं? जास्त निंगालं तं मानूस मस्तीत येते, कमी निंगालं तं घाबरते. गाडी चालवाले दोनी खराब." यावर उत्तर सुचेपर्यंत बहुतेक वेळा गाडी बंद पडलेली असायची.

आता आपली टाकी अर्धीच आहे असं वाटलं की माणूस जपून वागतो. भाऊंना वाटायचं, अर्धी आहे म्हणजे देण्याजोगी आहे. त्या रस्त्याला पंप दूर आणि जंगल लांब. काळीपिवळी जीप, ट्रॅक्टर, वरातीचे टेम्पो सगळे शेवटच्या थेंबावर धावणारे. कुणी हात दाखवला की भाऊ ब्रेक मारणार, सीटखालची गुलाबी नळी काढणार, तिचं एक टोक टाकीत घालणार आणि दुसरं तोंडात. पहिला घोट हमखास घशात जायचा. माझी मुलं लहान असताना भाऊ फाटकाशी पोचायच्या आधीच वासावरून ओरडायची, "मोठे बाबा आले!" देऊन झालं, की भाऊ परत स्टेअरिंगवर बसून काट्याकडे बोट करायचे. "पायलं? लिटरभर देल्लं. काटा हालला का? नाई हालला. देल्ल्यानं कमी होत नाई गा." हे ते इतक्या श्रद्धेनं म्हणायचे, की पहिल्या वेळी माझे हात नकळत त्या काट्यापुढे जोडले गेले होते. बाईचे हात काही जोडले जायचे नाहीत. "अवो, तो काटा मेला हाय," ती म्हणायची, "मेलेल्यापुढं नवस बोलून राह्यले तुमी."

टाकी पूर्ण भरणं भाऊंना मान्यच नव्हतं. भरल्या टाकीचं ओझं ओढण्यातच निम्मं डिझेल जातं, असं त्यांचं शास्त्र. "पोटभर जेवलेला मानूस धावते का?" एकदाच, पुतण्याची वरात न्यायची म्हणून, बाईनं पंपावर समोर उभं राहून टाकी काठोकाठ भरायला लावली. तर पंचेचाळीस लिटरच्या टाकीत पंपवाल्यानं अठ्ठेचाळीस लिटर घातलं. भाऊ खाली उतरले. "टाकीत मावते पंचेचाळीस, मंग वरचे तीन कुठी गेले? तुह्या खिशात?" पंपवाला बिचारा सांगत होता, की टाकीच्या नरड्यात थोडं जास्तीचं मावतं, कंपनी ते मोजत नाही. पण नवरदेवाची मंडळी नटूनथटून मागे उभी, आणि भाऊ टाकीच्या नरड्यात हात घालून माप घेतायत. शेवटी गर्दीतला कुणीतरी म्हणाला, उन्हानं टाकी फुगली असेल. भाऊ तत्काळ शांत झाले. "हे बरोबर हाय. आपल्या इकडच्या उनात टाकी फुगन नाई तं का करन?" तेव्हापासून उन्हाळ्यात आपल्या गाडीला डिझेल जास्त पुरतं, असं ते धरून चालले. टाकी फुगल्यानं आतलं डिझेल वाढत नाही, हे मी एकदा अख्खी दुपार खर्चून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, तू कचेरीत बसते. तुह्या पंख्याखाली नाई फुगत. इकडं फुगते." मी हात टेकले. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी हात टेकलेत, पण इतक्या गरम बॉनेटवर कुठेच नाही.

तरी भर जंगलात कधीमधी त्यांच्याही मनात पाल चुकचुकायची. मग गाडी थांबायची, आम्ही सगळे उतरून मागची फळी धरून गाडी गदागदा हलवायचो आणि भाऊ टाकीला कान लावून डोळे मिटायचे. "हालवा... अजून हालवा... हं, बोलून राह्यलं." बोललं म्हणजे आत डिझेल आहे. मेव्हण्याच्या साखरपुड्याला जाताना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मी ती फळी हलवली होती. फोटोत माझ्या छातीवर एक आडवी काळी रेघ आहे, कुणीतरी मला खोडून काढल्यासारखी. ऐकण्यानं समाधान झालं नाही, तर भाऊ टाकीत बांबूची काडी घालून खोली बघायचे. काडी मोडून आत राहायची, मग दुसरी घालायचे. त्या टाकीत डिझेल किती हे कुणाला सांगता येत नसलं, तरी बांबूची टंचाई नव्हती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मासोळी कुणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात बर्फ किती तग धरणार? एकदोन बाजारांना गाडी वाटेत बसली, तशा गटातल्या बाया कुरकुरू लागल्या. अहेरीचा एक टेम्पोवाला काम मिळावं म्हणून त्यांच्या मागे होताच. मग बाईनं गटात उभं राहून शब्द दिला, "या बाजाराले मासोळी येळेवर येईन. नाई आली तं मी सोताच म्हनीन, दुसरी गाडी लावा."

त्या बाजाराला मी सुट्टी घेऊन गावी गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. बाई पहारा द्यायला गाडीतच बसली. स्टेअरिंगवर भाऊ, मध्ये बाई, दाराशी मी. डिझेल घातलं का, असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं आणि भाऊंनी दर वेळी काट्याकडे बोट दाखवलं. डिझेल त्यांनी खरंच आणून घातलं होतं. पण आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याला उन्हाळी धानाला पाणी द्यायचं होतं, त्याच्या इंजिनासाठी यांनी नळी लावली होती, आणि काटा हलला नाही म्हणून ते साफ विसरूनही गेले होते.

जंगलाच्या मध्यावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. "हवा धरली असंन," भाऊ म्हणाले. हवा काढून झाली. फळी हलवून झाली. टाकी काही बोलली नाही. बाई उतरली आणि पदर डोक्यावर ओढून मोहाच्या सावलीत जाऊन बसली. फोनला रेंज नव्हती. खूप वेळानं एक काळीपिवळी आली, आणि चालक आमच्याकडे बघून एवढा फुलला, की मला वाटलं सुटलो. "अरे भाऊ! देवासारखे भेटले जी. लिटरभर द्या न, काटा टेकला माहा." भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "आपलंच संपलं गा." चालकानं खिडकीतून आत वाकून पाहिलं. "अर्धी तं दिसून राह्यली! बाईपुढं द्याचं नसन तं तसं सांगा न." आणि रागावून निघून गेला. मग एक ट्रॅक्टर आला. त्यालाही डिझेलच हवं होतं. जन्मात पहिल्यांदा भाऊ नाही म्हणत होते, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. गाडीच्या फळीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. भाऊंनी फांद्या तोडून मासोळीवर घातल्या, आपला दुपट्टा भिजवून वर पसरला, मग तो वाळला म्हणून पुन्हा भिजवला. बाईनं एकदाही मान वळवली नाही. शेवटी एका अनोळखी जीपवाल्यानं डिझेल दिलं आणि आम्ही अहेरीला पोचलो तेव्हा बाजार उठत होता. बाया रिकामे तराजू पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. एक जण फक्त एवढंच म्हणाली, "येऊन राह्यली, येऊन राह्यली, असं गिऱ्हाइकाले सांगू सांगू तोंड दुखलं व, बाई."

दुसऱ्या दिवशी गट बसला आणि बाई शब्दाप्रमाणे स्वतःच म्हणाली, "दुसरी गाडी लावा." भाऊ बाहेर गाडीला टेकून ऐकत होते. मी शेजारी होतो आणि कुठे पाहावं ते मला कळत नव्हतं. बाया चुळबुळल्या. सगळ्यांत म्हातारी आजी म्हणाली, "एक डाव अजून पाहू. पन काटा खरा करून आना म्हना."

मी भाऊंना चंद्रपूरच्या एका मिस्त्रीकडे नेलं. त्यानं टाकी उतरवली. आत काट्याला हलवणारा जो तरंगता गोळा असतो, त्याची दांडी नळी खुपसून खुपसून वाकली होती आणि बांबूच्या तुकड्यांत अडकून बसली होती. "भाऊ, टोपली इनता येते याची," मिस्त्री तुकड्यांचा ढीग दाखवत म्हणाला. नवी दांडी बसली, आमचं होतं तेवढं डिझेल परत ओतलं, चावी फिरवली. काटा थरथरत जरासा उठला आणि लाल रेघेच्या वर टेकला. भाऊ कितीतरी वेळ बघत राहिले. "एवढंच?" "एवढंच होतं जी." रक्तातली साखर पहिल्यांदा मोजलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. जाताना अर्धी नजर रस्त्यावर, अर्धी काट्यावर. गाणं नाही, शास्त्र नाही, मला एक टोमणासुद्धा नाही.

त्या शेवटच्या संधीच्या बाजारालाही मी गेलो. "जा, धक्का माराले कोनी लागन," असं म्हणून बायकोनं पाठवलं. पुन्हा तसेच तिघे पुढे, मागे मासोळी. मोजून घातलेलं डिझेल, खरा काटा, गाडी वेळेच्या जरा पुढेच. जंगल निम्मं सरलं आणि एका वळणावर ट्रॅक्टर उभा दिसला. चालक रस्त्याच्या मध्यापर्यंत येऊन हात हलवत होता. भाऊंनी त्याला पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि गाडी पुढे काढली. मला आरशात तो माणूस दिसत होता. त्यानं हात लगेच खाली घेतला नाही. ही गाडी थांबणारच, असं त्याला वाटत असावं.

पुढचं वळणही मागे पडलं. मग बाई समोर बघत म्हणाली, "कोन होता?"

"मले का मालूम," भाऊ म्हणाले.

आणखी थोडं अंतर गेलं.

"गाडी मांगं घ्या."

"काटा पाय न," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आजचा दिवस कसा हाय, तुले मालूम हाय न?"

"पायला मी काटा. वाटेतल्या आलापल्लीच्या पंपापरेंत पुरते. घ्या मांगं."

तो रस्ता अरुंद. गाडी वळवायला जागा नव्हती. भाऊंनी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि भरल्या मासोळीची गाडी उलटी चालवत सगळं अंतर मागे नेली. नळी त्यांनी लावली, डबा बाईनं धरला. ट्रॅक्टरवाला आभार मानत होता, ती म्हणाली, "बोलू नोको, भर लवकर."

अहेरीला पोचलो तेव्हा बाजार चांगलाच भरला होता आणि बाया कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. आजीनं विचारलं, "काऊन व बाई, आज का झालं?" भाऊंनी तोंड उघडलं. त्याआधीच बाई उतरली होती.

"ढोरं आडवी आली होती रस्त्यावर," ती टोपल्याचं फडकं सोडत म्हणाली. "सारी ढोरंच ढोरं."

"बरं, बसा आता," आजी म्हणाली, "गिऱ्हाईक उभं हाय." तराजू उचलले गेले, मासोळी पडू लागली, भाव सुरू झाले. भाऊ बर्फाचा खोका दोन्ही हातांत धरून तसेच उभे होते. पाणी गळून त्यांच्या चपला भिजत होत्या आणि ते बाईकडे बघत होते, जशी काही ती त्यांना आजच दिसली.

"ठेवा न खाली," ती वर न बघता म्हणाली. "का पायून राह्यले?"

त्यांनी खोका ठेवला. पण जरा वेळानं.