अप्पांच्या गाडीचा हवेचा सेन्सर

उदगीरला नांदेड रोडवर दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं गॅरेज होतं. मी तिथंच काम करायची. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते, पण गिऱ्हाईक आलं की दादा मला हळूच सामानाच्या खोलीत पाठवायचा.

२०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडं टँकरच्या फेऱ्यांनी खेड्यांतले रस्ते उखडून नुसता फुफाटा झाला होता. अशात एके दिवशी बाजारातले कापडवाले अप्पा गाडी घेऊन आले. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून ते खेडोपाडी बैठका घेत फिरायचे.

"चढ लागला की गाडी मरतीच," ते दादाला म्हणाले. "नांदेडच्या मोठ्या वर्कशॉपात दोनदा नेली. त्यांनी हवेचा सेन्सर नवा टाकला. दोन महिन्यांत डॅशबोर्डवर परत तोच दिवा. आता गाडीतला कॉम्प्युटरच बदला म्हणायलेत."

दादानं मान डोलावली. मी सामानाच्या खोलीतून बाहेर आले. "आधी मी बघते."

अप्पांनी दादालाच विचारलं, "नांदेडच्यांना जमलं न्हाई, ते ही करणार?"

"आत जा," दादा पुटपुटला. मी हलले नाही.

"अप्पा, आमचा कारभार आम्हाला करू द्या, हेच तुम्ही गावोगाव सांगता ना? मग माझं काम मला करू द्या."

दादाचं तोंड उतरलं. अप्पांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. "बघ."

हा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढं पाइपात बसतो. इंजिन किती हवा घेतंय ते तो कॉम्प्युटरला सांगतो आणि तेवढ्याच हिशोबानं डिझेल सुटतं. स्कॅनरवर हवा फारच कमी दिसत होती. सॉकेट काढून मीटर लावला. करंट येत होता, वायर शाबूत होती. म्हणजे खोट सेन्सरमध्येच. पण नवा सेन्सर दोन महिन्यांत का बिघडावा? हा प्रश्न नांदेडला कुणी विचारलाच नव्हता.

सेन्सर बाहेर काढला. त्याच्या बारीक तारेवर मातीचा थर बसला होता. मग फिल्टरचा डबा चाचपला. झाकणाची एक क्लिप तुटलेली, आणि त्या कोपऱ्यातून आतपर्यंत धुळीची रेघ गेलेली. फिल्टरला चुकवून सगळा फुफाटा तिथूनच आत जात होता.

सेन्सर स्प्रेनं साफ करून वाळवला, डबा पुसला, क्लिप आणि फिल्टर नवे घातले. स्कॅनरवरचा आकडा जागेवर आला. चढावर गाडी मीच चालवली. अप्पा शेजारी दांडा धरून बसले होते. तिसऱ्या गिअरवर गाडी सरसर चढली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लई दिवसांनी वढली."

पुढं त्यांनी बाजारात सांगितलं, की गाडी माझ्या भावानं नीट केली. ते ऐकून तिघं जण आपापल्या गाड्या घेऊन दादाला शोधत आले. या वेळी दादानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ते काम ही करती."

एक जण तोंड वाकडं करून गाडी परत घेऊन गेला. मी त्याला थांबवलं नाही. उरलेल्या दोघांतल्या पहिल्याला म्हणाले, "बॉनेट उघडा."