आईचं कुरण आणि माझा तरोटा

आमच्या मेंढ्या आमच्याच कुरणात शिरायला तयार नव्हत्या.

दोष मेंढ्यांचा नव्हता. काटोलच्या रस्त्याला नाका सोडला की वस्ती संपायची आणि डाव्या हाताला आमचं चार एकरांचं कुरण लागायचं. म्हणजे पटवाऱ्याच्या कागदावर कुरण! प्रत्यक्षात दोन पावसाळ्यांत तिथे तरोट्याचं (तुमच्याकडच्या टाकळ्याचं) तण असं माजलं होतं की खालची जमीन दिसेना. तरोट्याला आवडीने तोंड लावेल अशी मेंढी अजून जन्मायची आहे. आमच्या अकराजणी बांधापर्यंत यायच्या, वास घ्यायच्या, माझ्याकडे एक नजर टाकायच्या आणि परत फिरायच्या. ती नजर मी शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांत पाहिलेली होती.

आई होती तोवर कुरण तिचं होतं. ती गेली आणि बाबांनी त्या बांधाच्या आत पाय ठेवला नाही. मेंढ्याही तिच्याच. माहेराहून आणलेल्या दोन कोकरांची ही सगळी लेकरंनातवंडं. बाबा त्यांना रोज दोन कोस चालवत नाल्याकाठी चारायला न्यायचे आणि वाटभर त्यांच्याशी बोलायचे. (घरात आमच्याशी मात्र "हं" आणि "नाही" एवढंच.) ते बोलणं खरं कोणाशी चाललंय हे आम्हाला कळायचं, पण कोणी तसं म्हणायचं नाही.

मग एक दिवस ते नाल्याच्या चिखलात घसरले. उजवा गुडघा आधीच कुरकुरत होता, आता तो उघड भांडायलाच उठला. रात्री जेवताना ते म्हणाले, "आता होत नाही गा बापू. दसऱ्याले रामटेककडचा गिऱ्हाईक येते. देऊन टाकतो मेंढ्या."

माझा घास हातातच राहिला. मेंढ्या गेल्या तर या माणसाला दिवसभर बोलायला कोण उरणार?

"देऊ नका बाबा! दसऱ्याच्या आत मी कुरण साफ करून देतो."

बाबांनी मान वर केली. माझी बायको यशोदा वरण वाढत होती, तिची पळी हवेतच थांबली. (मी सीताबर्डीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. जगातली यच्चयावत गवताळ मैदानं मला तोंडपाठ होती. अंगणातली तुळस मात्र यशोदा पाणी घालायची म्हणून जिवंत होती.)

"तुमी?" यशोदा म्हणाली.

"मी."

"बरं," ती म्हणाली आणि वरण वाढलं. त्या "बरं"मध्ये जे जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आषाढ लागलेला. जो तो आपापल्या कपाशीच्या निंदणात, तण काढण्यात. मजूर म्हणून औषधाला मिळेना. तीन दिवस मी सायकलवरून वणवण केली आणि चौथ्या दिवशी शाळेत सहाराचं वाळवंट शिकवताना मला साक्षात्कार झाला. तरोटा मेंढ्या खात नाहीत, पण माणसं खातात! आषाढातली कोवळ्या तरोट्याची भाजी म्हटली की आमच्या नागपूरकडच्या बायका पदर खोचून निघतात. मग मजूर कशाला हवेत?

त्याच संध्याकाळी मी वस्तीतल्या तुळसाकाकूंच्या ओट्यावर जाऊन जाहीर केलं, "काकू, आमच्या कुरणातला तरोटा सगळ्यांना मोकळा! पाहिजे तेवढा न्या!"

तुळसाकाकू म्हणजे आईची मैत्रीण. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "खरंच म्हणून राहिले का मास्तर? मंग उद्याच येतो आमी."

दुसऱ्या दिवशी तीस-पस्तीस बायका आल्या. मी बांधावर उभा राहून छोटंसं भाषणही केलं. तणाचे तोटे, बीजप्रसार, जमिनीतलं सत्त्व, काही म्हणून सोडलं नाही! बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ओट्या भरभरून भाजी नेली. मी घरी येऊन हात धुतले. (हात मळले नव्हते, पण धुवावेसे वाटले.)

"अवो, त्या बायका शेंडेच खुडून राहिल्या," यशोदा म्हणाली.

"मग?"

"मुळासकट कोनी उपटून नाही राहिलं."

"अगं, रोज थोडं खुडलं तर रोज थोडं कमी होणार. साधी वजाबाकी आहे!"

वजाबाकी तरोट्याला शिकवलेली नव्हती. शेंडा खुडला की त्याला खालून चार फांद्या फुटतात. त्या चार खुडल्या की सोळा. पंधरा दिवसांत एकेका रोपाचं झुडूप झालं. पूर्वी निदान दोन रोपांमधून वाट काढता यायची, आता कुरणात सशालासुद्धा मागे सरकत बाहेर यावं लागलं असतं!

बायका मात्र बेहद्द खूश. "काय हातगुण हाये मास्तरचा!" तुळसाकाकू रस्त्यात थांबवून म्हणाल्या. "अशी भाजी पुऱ्या नागपुरात नाही!" कीर्ती सीताबर्डीच्या बाजारापर्यंत गेली. माझ्या हेडमास्तरांच्या घरून टोपली आली आणि भरून परत गेली. उपकाराची फेड म्हणून घरोघरून आमच्याकडे वाट्या येऊ लागल्या. कोणाची तरोट्याची भाजी डाळ घालून, कोणाची कांदा घालून, कोणाची नुसतीच. आम्ही सकाळी तरोटा खाल्ला, संध्याकाळी तरोटा खाल्ला. यशोदा वाढायची तेव्हा माझ्या ताटात दोन पळ्या जास्त पडायच्या.

एकदा तिने न राहवून कुरणात जाऊन दहा-बारा रोपं मुळासकट उपटली. तुळसाकाकू धावत आल्या. "अवं, काहून उपटून राहिली वं? नवऱ्यानं एवढं भाजीचं वावर केलं, अन् तू नास करते?"

म्हणजे आता माझ्याच बायकोला माझ्याच कुरणातलं तण उपटायची बंदी!

यशोदा घरी आली आणि म्हणाली, "अवो, त्याइले एकदा सांगून द्या ना, मेंढ्यांसाठी कुरण करायचं हाये म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो.

पण सांगितलं नाही. आज लिहायला हरकत नाही, मला ते सांगवत नव्हतं. मेंढ्यांचं सांगायचं म्हणजे आईचं नाव काढायचं, आणि ते काढलं की माझे डोळे भरून यायचे. पस्तीस बायकांसमोर मास्तराने रडायचं कसं? बीजप्रसारावर बोलणं त्या मानाने फार सोपं होतं.

श्रावणात एके दिवशी बाबांचा गुडघा इतका सुजला की नाल्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. काठी टेकत, मेंढ्या पुढे घालून ते नाइलाजाने कुरणाच्या बांधापर्यंत आले. मी आणि यशोदा तिथेच होतो. भुकेजलेल्या मेंढ्या नाकं मुरडत का होईना, आत शिरल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आतून आरोळी आली, "हाड! हाड! मास्तरच्या भाजीत मेंढ्या शिरल्या वं!"

आणि पाच-सहा बायकांनी तरोट्याच्या फांद्या उगारून आमच्या अकराही मेंढ्या आमच्याच कुरणातून हाकलून लावल्या! मी "अहो, अहो!" करत मध्ये पडलो, तर गडबडीत एक फांदी माझ्याही पाठीत बसली.

बाबा बांधावर तसेच उभे होते. त्यांच्याकडे लक्ष जाताच तुळसाकाकूंचा हात खाली आला.

"भाऊ, ह्या सरूच्या मेंढ्या होय ना?"

"तिच्याच," बाबा म्हणाले. "आता दसऱ्यापर्यंतच्या. चारा नाही, त देऊन टाकून राहिलो."

मग तुळसाकाकू माझ्याकडे वळल्या. "मास्तर! भाऊ मेंढ्या नाल्यावर नेते, आमाले वाटलं तुमी आता भाजीचंच वावर केलं. सरू आमाले आठ दिवस खुडू दे, अन् नवव्या दिवशी म्हणे, आता उपटा मुळासकट. दरसाल. दुसऱ्याच्या वावरातलं मालकानं म्हटल्याबिगर कसं उपटावं? आमी तुमच्या सांगण्याची वाट पाहून राहिलो ना! एवढं भाषण ठोकलं, अन् मेंढ्याइचं नाव नाही घेतलं काहून?"

मी मान खाली घातली. "आईचं नाव घ्यावं लागलं असतं, काकू," एवढंच बोललो, आणि जे टाळत होतो ते तिथेच सगळ्यांदेखत झालं. डोळे वाहू लागले. काकूंनी पदराने माझं तोंड पुसलं, मी आठ वर्षांचा असल्यासारखं.

मग त्यांनी ओटीतली भाजी बांधावर रिकामी केली, पदर खोचला आणि समोरचं झुडूप मुळासकट उपटलं. "चला वं!" बाकीच्या लागल्याच मागून. श्रावणातली ओली जमीन, झुडपं सटासट निघत होती. तासाभरात जमीन दिसायला लागली. बाबा काठी टेकत हळूहळू बांध ओलांडून आत आले, वाकले आणि एका जागची माती हाताने सारू लागले. खाली पवना गवताचं ठोंब होतं. आईने मेंढ्यांसाठी पेरलेलं, फिकं पडलेलं, पण हिरवं.

"जित्तं हाये," बाबा म्हणाले. "यशोदा, हे पाय वं, जित्तं हाये अजून!"

तो आवाज दोन वर्षांत घरात ऐकू आला नव्हता. मला असा काही हुरूप चढला की मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि कुरणाचा पलीकडचा कोपरा एकट्याने हाती घेतला. भान हरपून उपटत सुटलो! दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण माझा ढीग काकूंच्या ढिगाला मागे टाकत होता. मी बाबांना मोठ्या अभिमानाने बोलावून आणलं.

बाबांनी ढिगातली एक जुडी उचलली. मग दुसरी. मग ते हसायला लागले. काठी सुटेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"बापू, हे समदं पवना उपटलं गा तू! तरोटा तं तुह्या मागं तसाच उभा हाये!"

बायका धावत बघायला आल्या. यशोदा तोंडाला पदर लावून मटकन खालीच बसली. बाबा डोळे पुसत तिला म्हणाले, "त्या रामटेकवाल्याले निरोप धाड वं पोरी. येऊ नको म्हणा. मेंढ्या कुठंच जात नाही."

मला इतका आनंद झाला की फजितीसुद्धा गोड लागली. मी म्हणालो, "बाबा, आईने मला कधी निंदायला बसवलंच नाही, मग कळणार कसं? माझा अभ्यास बुडू नये म्हणून जपायची बिचारी!"

"अभ्यास?" बाबांनी माझ्या हातातली शेवटची जुडी काढून घेतली. "एकदा बसवलं होतं तुले, सहा वर्साचा होता. मंग तीच म्हणाली, याले शाळेत घाला, नाही तं मेंढ्या उपाशी मरतीन."