शिवणीच्या फळीवरची रेघ

माझ्या मित्राच्या आईचा एकही फोटो नाही. ती इस्लापूरकडं लोकांच्या शेतात रोजंदारीला जायची. घरात बुद्धाची तसबीर होती, पण तिचा फोटो काढावा असं कधी कुणाला सुचलं नाही. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मित्रानं तिचा चेहरा आठवणीतून शिवणीच्या लाकडाच्या फळीवर कोरला. ती फळी वाळवीनं खाल्ली असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

आम्ही दोघं नांदेडच्या एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर माझ्या घरामागच्या खोलीत लाकडी ठशांची चित्रं करू लागलो. अंबाडीच्या वाकाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा कागद, काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई ही माझी कामं. कोरायचा हात त्याचा. फळीवर उंच राहतं ते काळं उमटतं, कोरलेलं पांढरं राहतं, एवढंच ते तंत्र. पण त्यानं आईच्या सुरकुत्या अशा राखल्या होत्या की म्हातारी आता डोक्यावरची पाटी उतरवून पाणी मागेल असं वाटायचं.

पहिला ठसा एका प्रदर्शनाला पाठवला. सोबत माझंही एक चित्र. माझं परत आलं. त्याचं निवडलं आणि आणखी ठसे मागवले. मी देवणीकडचा, घरच्या जमिनीवर वाढलेला. रोजंदारीवाल्या बाईचं पोर आपल्यापुढं गेलं, असं मनात आलं. आलं, म्हणून लिहितो.

या कामात एक रीत आहे. हवे तेवढे ठसे काढून झाले की फळीवर आरपार रेघ कोरायची, म्हणजे पुन्हा कुणी ठसा काढू नये. ज्याची फळी त्यानंच ती रेघ मारायची. हे त्याला मीच शिकवलं होतं. तो गावी गेला असताना एका दुपारी मी कोरणी उचलली आणि रेघ मारली. वाळवी लागली होती, जाळून टाकली, असं त्याला सांगितलं.

"पुन्हा कोर," वर हेही म्हणालो.

"न्हाई सर. होती तेवढी लाकडात उतरवली. आता चेहराच येऊन न्हाई राहिला."

प्रदर्शनातला ठसा परत आलाच नाही. फळी माझ्या माळ्यावर पडून राहिली. तो लातूरला मुलीकडं राहायला गेला.

यंदा त्याच्या मुलीचा फोन आला. साखरेनं बाबांची नजर गेली. सारखी आजीची आठवण काढतात. "काका, त्या ठशाचा एखादा तुकडा तरी असंल का तुमच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी फळी चादरीत गुंडाळून मी लातूरच्या बसमध्ये बसलो.

"या सर," तो बाजेवरून म्हणाला. "अजून तशाच चपला घासत चालता. आंधळ्यालाबी कळतंय."

मी फळी त्याच्या मांडीवर ठेवली. काय आहे ते सांगितलं. त्यानं दोन्ही तळवे त्यावर ठेवले. मग बोटं रेघेत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"वाळवी सरळ खात न्हाई," तो म्हणाला.

"मी मारली."

"हाव. बोटंबी बधिर झाल्यात. बारीक काही कळून न्हाई राहिलं. डोळे वाचले का तिचे?"

"वाचले. गालावरून गेली रेघ."

"मग बरं. डोळेच तेवढे नीट जमले होते."

मुलगी दारात उभी होती. तिनं फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

रेघ दोन्ही डोळ्यांतून गेली आहे. मी मारली तेव्हा नेम धरून मारली होती. मी परत निघालो तेव्हा तो फळी छातीशी धरून बसला होता, आणि मला तोंड उघडता आलं नाही.

हे कागद त्याच्या मुलीकडं पाठवतो आहे. त्याला वाचून दाखवायचे की नाही, ते तिनं ठरवावं. वाचायचेच असतील तर तो आहे तोवर वाचावेत.