आत्याच्या खोलीची भिंत

माझी आत्या आयुष्यभर लोकांच्या भिंतींचा हिशेब ठेवत आली आणि तिला स्वतःला एक धड भिंत मिळाली नाही. हे मी घरात एकदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही याची कारणं प्रत्येक नातेवाईक वेगळी सांगतो, तिला मात्र कुणी विचारत नाही. आजी-आजोबा लवकर गेले, बाबांचं शिक्षण तिनेच ओढून नेलं, एवढं खरं. ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. तिथली मंडळी कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करतात आणि तिच्यातल्या भिंतींची यादी काढायचं काम आत्याकडे येतं. ऑफिसात तिला 'भिंतीबाई'च म्हणतात. कुणाच्या घरी गेली की ही बाई चहा यायच्या आत भिंतीवर बोटाने टकटक करून बघते, त्यामुळे नाव काही चुकीचं नाही.

तिचं काम मला ठाऊक आहे, कारण लहानपणापासून मी ते तिच्या खांद्यावरून बघितलंय. सॉफ्टवेअरमधली प्रत्येक भिंत कुठल्या तरी प्रकारची असते. बाहेरची जाड विटांची, आतली पातळ, जिन्याभोवतीची आगीला न जुमानणारी. नुसती यादी मागितली तर सॉफ्टवेअर सगळ्या भिंती एकाखाली एक ओतून मोकळं होतं. आत्या त्यांचे गट पाडते. एका प्रकारची एकच ओळ, पुढे बेरीज. मग ती फिल्टर लावते, म्हणजे ज्याला जे हवं तेवढंच त्याच्या कागदावर येतं. गवंड्याला विटांच्या भिंती दिसल्या म्हणजे झालं. हलकी पार्टिशनं आतल्या सजावटीची कंपनी स्वतःच्या यादीतून करते.

"फिल्टर लावलं म्हणून भिंत पडत नाही गं," ती मला समजवायची. "ती असतेच तिथे. फक्त त्या कागदापुरती दिसत नाही."

घरात तिची खोली म्हणजे हॉलचा एक कोपरा. मधे प्लायवूडचं पार्टिशन, तेही छतापर्यंत न पोचलेलं, आणि दाराच्या जागी पडदा. आमच्या बातम्या तिला ऐकू जायच्या, तिचा खोकला आम्हाला. कपडे बदलायचे तर ती बाथरूममध्ये जायची. पडदा बाजूला करताना कुणी विचारत नसे. मीही नाही, आई तर नाहीच. पाहुणे आले की त्यांच्या बॅगा तिच्या पलंगावर.

घराची दुरुस्ती काढायचं ठरलं तेव्हा आत्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

"मला फार काही नको," ती म्हणाली. "छतापर्यंत भिंत आणि आतून कडी लागेल असं दार."

"ताई, हे काय सांगणं झालं? तुझी खोली आधी," बाबा म्हणाले. "आणि नकाशा तूच काढ. घरात तुझ्यासारखं माणूस असताना बाहेरच्याचे पाय कशाला धरायचे?"

आत्या इतकी खुश झाली की मला तिची काळजीच वाटली. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसायची. आमची चार खणांची जागा तिने एखाद्या इस्पितळाइतक्या गंभीरपणे काढली. विटांचं ओझं तिथे नको म्हणून स्वतःच्या खोलीला तिने जिप्सम बोर्डाची दुहेरी भिंत दिली, मधे आवाज अडवणारा थर. दार आत उघडावं की बाहेर, यावर माझं मत तिने तीनदा घेतलं आणि शेवटी स्वतःचंच केलं. मग तिने भिंतींची यादी काढली, दारांची यादी काढली आणि नकाशासकट सगळं बाबांच्या हाती दिलं. बाबांनी ते कंत्राटदाराला दिलं. काम चालू असताना आम्ही मामाकडे राहिलो, आत्या तिच्या मैत्रिणीकडे.

परत आलो त्या सकाळी कंत्राटदार चाव्या द्यायला थांबला होता. हॉल लखलखत होता. आई "अगंबाई, केवढा मोठा दिसतोय!" म्हणत खिडकीपाशी गेली. मोठा दिसणारच. कोपरा मोकळा होता. जुनं पार्टिशन गेलं होतं आणि नव्या भिंतीचा पत्ता नव्हता.

आत्या त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथे, बाल्कनीच्या चौकटीला टेकवून, एक कोरं करकरीत दार ठेवलेलं होतं. कडीसकट.

"भिंत कुठाय?" तिने विचारलं.

"मॅडम, तुमच्याच यादीत नव्हती," कंत्राटदार म्हणाला. "दारांच्या यादीत दार होतं, ते आम्ही करून घेतलं. भिंतींच्या यादीत ही भिंतच नाही. आमचं सगळं काम यादीवर चालतं."

आत्याने तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला. तिला कळायला वेळ लागला नाही. घराचं काम तिने ऑफिसच्या तयार फाइलवर केलं होतं, आणि त्या फाइलीतल्या भिंतींच्या यादीला कायमचं फिल्टर आहे: हलकी पार्टिशनं वगळा. ते तिनेच लावलेलं, वर्षांपूर्वी, गवंड्यांना घोळ नको म्हणून. ऑफिसात पार्टिशनांची यादी दुसरं कुणीतरी काढतं. इथे दुसरं कुणी नव्हतं, आणि तिची जिप्समची भिंत हलक्यांतच मोडत होती. ती स्वतःच्याच फिल्टरमधून गळली होती.

"चूक माझीच," ती म्हणाली. "पण नकाशात रेघ आहे ना? निदान विचारायचं तरी."

"विचारलं ना!" कंत्राटदाराला उगाच बोल लावून घ्यायचा नव्हता. "दार आलं तेव्हाच साहेबांना फोन केला. म्हटलं, नकाशात भिंत आहे, यादीत नाही, काय करू? साहेब म्हणाले, यादीत नाही ना, मग राहू दे."

आई खिडकीबाहेर बघू लागली. बाबांनी चाव्यांचा जुडगा उगाच मोजला.

"मला वाटलं, तूच विचार बदललास," बाबा म्हणाले. "आणि बघ ना ताई, हॉल किती छान दिसतो. तुला एक घडीचा पलंग आणू."

जिला एक फोन करून विचारता आलं असतं, तिच्याबद्दल माझ्या बापाला 'वाटलं'! मी आत्याला माझ्या खोलीत ये म्हटलं, तर म्हणाली, "तुझं दार तुझं आहे. मला माझं हवं होतं."

पुढच्या आठवड्यात बाबांना दफ्तरी ठेवायला नकाशा हवा झाला, जसं बांधलं तसा. पुन्हा ताईच. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली, मी शेजारी. तिने आपली भिंत निवडली आणि पुसली. भिंतीबरोबर तिच्यातलं दारही गेलं. लगेच पडद्यावर सूचना आली: एकाच बंदिस्त जागेत दोन खोल्या आहेत, त्यातली एक जादा आहे.

"बघ, यालासुद्धा कळतं," आत्या म्हणाली आणि तिने आपली खोली नकाशातून काढून टाकली.

पण त्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशातून काढलेली खोली खोल्यांच्या यादीतून आपोआप जात नाही. छापलेला कागद बाबांनी चष्मा लावून वाचला. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम, सगळ्यांपुढे क्षेत्रफळ होतं. शेवटची ओळ होती, 'ताईची खोली', आणि तिच्यापुढे: जागा दिलेली नाही.

"ही ओळ कशाला?" बाबा म्हणाले. "गाळता येते ना?"

"येते," आत्या म्हणाली. लॅपटॉप तिने त्यांच्यापुढे सरकवला. "या खेपेला तू गाळ."

बाबांनी कागदाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि बातम्या लावल्या. आत्या पलंगाची घडी उलगडून त्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ती भिंत विटांची आहे, शेजाऱ्यांची.