लहानूकाकांच्या गाडीत आधी बसायचं

बुढापारा वस्तीतले लहानू मेश्राम रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स उघडून बसले. त्यांचा एक नियम होता: जोरदार टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, मागणाऱ्याने आधी त्यांच्या गाडीत चक्कर मारायची.

भावना आली ती धाकट्या भावाला, राकेशला, हरवायचं ठरवूनच. दोघंही आपापल्या गाडीनं नोकरीला अभनपूरला जात, आणि आधी पोचणारा दुसऱ्याला दिवसभर चिडवे.

"काका, मले तीन हजारवाला पाहिजे." म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर गेल्याशिवाय नीट पकड न घेणारा.

"बस, पोट्टे."

काकांनी एकेकाळी हौसेनं तसाच कन्व्हर्टर स्वतःच्या गाडीत बसवला होता. वस्तीतल्या तलावाजवळच्या गर्दीत त्यांनी अॅक्सिलरेटरवर हळूच पाय दाबला. गाडी म्हशीसारखी रेकली आणि वीतभर सरकली. इंजिनाचा सगळा जोर आतलं तेल घुसळण्यातच जात होता. मागून रिक्षावाला ओरडला, "भैया, आवाज नहीं, गाडी आगे करो!" सायकलवरचा दूधवालाही पुढे निघून गेला.

"शर्यतीच्या मोकळ्या पट्टीवर हा वाघ हाय," काका म्हणाले. "पण तुले रोज गर्दीतून जाचं हाय. दोन हजारवाला लय झाला."

भावना हिरमुसली. "मंग राकेशले कशी हरवू?"

"त्याची फिकर काहून करून राहिली? तो मागच्याच हप्त्यात दुसरीकडून तीन हजारवाला बसवून आला. माह्या गाडीत बसाले साहेबाले टाइम नव्हता!"