कान लावून ऐकलेली फळी

आर्णीत आमच्या शेजारी गिटार बनवणारा एक कारागीर राहतो. नवं लाकूड तो घेतच नाही. कुठं जुनं घर पडलं की हा तिथं हजर. दाराच्या सागवानी फळीवर बोटानं टकटक करतो, कान लावतो, डोळे मिटतो. माझ्या घराचं दारही त्यानं सोडलं नाही. मला वैताग यायचा.

"नवं झाड कायले तोडू भाऊ? लोकं घरं पाडूनच राह्यले ना!" असं म्हणून पुन्हा टकटक.

एक फळी मात्र त्यानं कित्येक वर्षं भिंतीला टेकवून ठेवली होती. गिऱ्हाइकानं मागितली तर म्हणायचा, "हिले करवत लावाले हात धजत नाही."

गेल्या महिन्यात त्याची अम्मी वारली. कब्रस्तानात माती लोटण्याआधी कबरीत मय्यतीच्या वर आडव्या टाकायच्या फळ्यांत एक कमी पडली. हा घरी गेला, तीच फळी घेऊन आला आणि स्वतःच करवत लावून मापाची केली. खाली देताना सवयीनं त्याचं बोट तिच्यावर वाजलं. त्यानं कान लावला. आम्ही सगळे थांबलो.

मग तो म्हणाला, "घ्या. हिच्याहून चांगली माह्यापाशी नाही."